तारवातला तिसरा हत्ती

आई,
ड्युटीला निघतेय, तुम्हाला उठवलं नाही. ठमीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवल्यापासून तुम्ही माझ्याशी धड बोलत नाही, म्हणून ही चिठ्ठी. ख्रिस्ती अभ्यासक्रमाचा नवा संच परवडेना, म्हणून चर्चमधून जुनी पुस्तकं आणली, तर आधीच्या मुलाने पेन्सिलीने सगळी उत्तरं लिहून ठेवलेली. मी कपाळाला हात लावला होता. आज बघते तर पानं कोरी, आणि तुमच्या खुर्चीखाली खोडरबराचा चुरा. नोहाच्या तारवाच्या चित्रात प्रत्येक प्राण्याची जोडीच असते, त्यात त्या मुलाने काढलेला तिसरा हत्ती तेवढा तुम्ही राहू दिलात. तो का, हे ठमी विचारणारच. तुम्हीच सांगा, पहिला धडा तुमचा. चुरा मुद्दाम झाडला नाही. आजीने काय केलंय ते तिला दिसू दे.

तुमची सून