आईच्या वंशातली नथ

चि. चंद्रकुमार,

आशीर्वाद आज राहू दे. काल फोनवर म्हणालास, "ताई, आईची नथ त्या घरात कायले देऊन राहिली तू? आपल्या वंशात राहू दे." रेणूनं संघदीपशी लग्न केलं, म्हणून माझी पोर वंशाबाहेर! कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिव्या शिकवल्या नाहीत, नाहीतर दिल्या असत्या.

रेणूनं नागपुरात डीएनए तपासून घेतला. आईकडून आलेला एक धागा फक्त लेकींतूनच पुढे जातो. तुझ्यात तो आहे, तुझ्या मुलांत नाही. आईला लेक मी एकटी, मला रेणू, आणि रेणूला आता तान्ही स्नेहल.

हे पत्र तुझ्याकडे तिरोड्याला टाकणार नाही. तुला समजावून थकले. नथ स्नेहलला दिली. आईच्या वंशातच राहिली.

तुझी ताई