मैनेची पाठवणी गुरुवारी करण्याबाबत

प्रति,
मा. सहाय्यक अभियंता साहेब,
जुनी यंत्रसामग्री वाहतूक शाखा,
रेल्वे कार्यालय, नागपूर.

विषय : छोट्या लाइनचे जुने वाफेचे इंजिन बुधवारऐवजी गुरुवारी, ताडपत्री काढून, आमच्या गावातून नेण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. २ फेब्रुवारी २०२६.

महोदय,

१. मी खाली सही करणार परसराम, भजन मंडळ, मौजा बोरटोला, ता. पवनी, जि. भंडारा येथील सचिव, गावाच्या वतीने अर्ज करतो. आमचा गाव ज्या इंजिनाला मैना म्हणतो, ते बुधवार दि. ११ रोजी ट्रेलरवर चढून नागपूरच्या संग्रहालयात कायमचे जाणार असल्याचे समजले. आनंद झाला. यार्डात बेशरमाच्या झुडपात पडली होती बिचारी. आता डोक्यावर छप्पर येईल, अंगाला रंग लागेल. जाण्याला आमची हरकत नाही. हरकत वाराला आहे.

२. उन्हाळ्यात स्टेशनचा नळ आटला की गावच्या बाया बोडीवरून, म्हणजे शेतातल्या तळ्यावरून, घागरी आणून मैनेला पाणी पाजत. पाणी पिऊन ती शिट्टी देई, मगच हले. ज्या गावाचे पाणी प्याली त्या गावची ती लेक झाली, आणि बुधवारी लेकीची बिदाई आमच्याकडे कोणीच करत नाही. जावई पोलिसात असला तरी नाही.

३. आता जे लिहितो ते लिहायला लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही. आधीच्या पत्राप्रमाणे मैना गुरुवार दि. २९ जानेवारीला येणार होती. तारीख पुढे गेल्याचे आम्हांस कळले नाही. त्या दिवशी ताडपत्रीत गुंडाळलेले मोठे धूड घेऊन एक ट्रेलर आला. गावाने तो थांबवला. हळद-कुंकू झाले, नारळ फुटला, हिरवे लुगडे नेसवले आणि बायांनी चार दिवस बसून जुळवलेले गाणे म्हटले :

मैना चालली सासरी, रूळ राहिले माघारी,
घागरभर पानी ठेवलं, पिऊन जाय माह्या दारी.

ड्रायव्हरसुद्धा रडला. दोनदा जेवला. एकट्या राधाबाईंनी ताडपत्रीखाली हात घालून चाचपले व म्हणाल्या, "हे आपली नोहे गा. इले चाकं कुठी हायेत?" त्यावर आमचे सरपंच हेमराजभाऊ म्हणाले, "काकू, लेक जाऊन राहिली अन् तुम्ही पाय काहून मोजता?" सगळे हसले, मीही हसलो. शिवेवर वारा आला, ताडपत्री उडाली, तेव्हा दिसले की आम्ही सिहोऱ्याच्या राईस मिलच्या बॉयलरची पाठवणी केली.

मिलवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "बॉयलर लय मस्त चालून राहिला. नेसवलेलं लुगडं परत मांगता का भाऊ?" मागितले नाही. दुसरे घेतले.

४. तरी विनंती की,
(अ) मैना गुरुवार दि. १२ रोजी आणावी;
(आ) गावात शिरण्यापूर्वी ताडपत्री काढावी. नंबरची पाटी दिसल्याशिवाय बाया आता तोंड उघडणार नाहीत;
(इ) बायपास सोडून गावातल्या रस्त्याने आणावी. विजेच्या तारा आम्ही बांबूने मोजल्या, धुराडे खालून निघते. कुंताबाईंच्या अंगणातला मांडव आड येत होता, तो त्यांनी स्वतः मोडला व मोडताना आम्हां सर्वांना, मागाहून रेल्वेलाही, शिव्या दिल्या. त्या शिव्या परत घेण्यात येत आहेत;
(ई) ड्रायव्हर उपाशी पाठवावा.

५. साहेब, खरे कारण शेवटी लिहितो. राधाबाईंचे यजमान टेकचंद याच इंजिनावर फायरमन होते, कोळसा टाकायचे. पाण्याची घागर खालून राधाबाई द्यायच्या, वरून ते घ्यायचे. लग्न झाल्यावर चारचौघांत एकमेकांच्या हाताला हात लागायची तेवढीच जागा होती, असे त्या स्वतः सांगतात आणि ऐंशीव्या वर्षी लाजतात. टेकचंद वारले, त्याला अकरा वर्षे झाली. राधाबाईंना आता अंधुक दिसते, हातानेच ओळखतात. संग्रहालयात इंजिनाभोवती कठडा असतो आणि हात लावू नये अशी पाटी असते, हे आमच्या गावची मुलगी रुपा हिने पाहून येऊन सांगितले. तेव्हापासून बाई रोज विचारतात, "मले लावू देतीन का गा?"

पंधरा मिनिटे थांबावे. पंधरा नसतील तर पाच. नियमात थांबणेच बसत नसेल, तर ट्रेलर राधाबाईंच्या चालीने न्यावा. त्या इंजिनाला हात लावून शिवेपर्यंत सोबत चालतील. काठी मी धरीन.

होकाराकडे डोळे लावून,
आपला नम्र,
(सही)
परसराम
सचिव, भजन मंडळ, बोरटोला
दि. ४ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१. गावकऱ्यांच्या सह्या व अंगठे.
२. तारांच्या उंचीचे मोजमाप.
३. राधाबाईंच्या उजव्या हाताचा कुंकवाचा ठसा. (अंगठा पुरे, असे सांगितले होते. त्यांनी अख्खा हात दिला.)