मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

९ नोव्हें. २००६, गुरुवार. ड्रेस्डेन

शाळेतली तिसरी खेप. दर गुरुवारी दुपारी 'बाहेरची निरीक्षक' म्हणून मी जायचं, हे कंपनीने ठरवलं. मी नाही. युरोपीय प्रकल्प आहे. तीन देश, तीन शाळा, मुलांना नागरिक म्हणून घडवायचं. शाळेतली एक गोष्ट मुलांनी स्वतः ठरवायची, मोठ्यांनी ती करायची. मी बसून बघायचं आणि शेवटी एक फॉर्म भरायचा.

आज मुलांच्या सभेत मतदान. एकवीस प्रतिनिधी, बारा ते पंधरा वयाचे. प्रस्ताव दोन. अंगणात युरोपच्या ताऱ्यांचं मोझाइक, किंवा मुलींच्या संडासांच्या दारांना कड्या. कड्या गेल्या वर्षीपासून तुटलेल्या. मुली जोडीने जातात, एक आत, एक बाहेरून दार धरून. हे यूले नावाच्या मुलीने उभं राहून सांगितलं. तेरा वर्षांची. "मी या आठवड्यात अकरा वेळा दार धरलं. मोजलंय." मुलगे हसले. ती थांबली नाही.

निकाल: कड्या १४, मोझाइक ५, तटस्थ २. बेरीज जुळते. मीही माझ्या वहीत टिपलं, सवयीने. सभेचं इतिवृत्त, इथला प्रोटोकोल, यूलेच लिहीत होती, जिभेचं टोक बाहेर काढून.

हेर (म्हणजे श्री.) ब्योमे, नागरिकशास्त्राचे शिक्षक, सज्जन, सारखा चष्मा पुसतात. म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर! हीच लोकशाही!" मुख्याध्यापिका फ्राउ रिश्टर (यापुढे मु.) घड्याळ बघत होत्या.

निघताना एका मुलाने विचारलं, तुम्ही भारतात कुणाला मत दिलं? म्हटलं, ते गुप्त असतं. खरं म्हणजे आजवर एकदाही दिलेलं नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्याच गावात होते.


१४ नोव्हें., मंगळ

कारखान्यात थराची जाडी मर्यादेबाहेर. लॉट थांबवला, पंचवीस वेफर, म्हणजे चिपसाठीच्या सिलिकॉनच्या चकत्या. कुणाला वाईट वाटलं नाही, कुणी माझ्या स्वभावाबद्दल बोललं नाही. आकडा चुकला की थांबायचं, कारण शोधायचं, लिहायचं. हे काम मला आवडतं ते यासाठीच.


१६ नोव्हें., गुरु

शाळेत फलकावर प्रोटोकोल लागलाय. यूलेच्या अक्षरात नाही, टाइप केलेला. "जोरदार चर्चेअंती सभेने मोझाइकच्या बाजूने कौल दिला. इतर सूचनांची नोंद घेण्यात आली."

आकडे नाहीत. कड्या हा शब्दच नाही. खाली दोन सह्या, ब्योमे आणि मु.

आधी वाटलं, मीच चुकीचा कागद वाचतेय. तारीख बघितली. बरोबर होती.

ब्योमेंना विचारलं. चष्मा काढला, पुसला. "आल्झो, म्हणजे... मोझाइकच्या फरश्या आधीच आल्यात. तळघरात आहेत. इटलीतली शाळा दुसरं अर्धं वर्तुळ करतेय."

म्हणजे मुलांनी मत देण्याआधीच.


१७ नोव्हें., शुक्र

मु.ना ई-मेल केली. तीन रकाने: काय असायला हवं, काय आहे, फरक. १४/५/२ विरुद्ध 'कौल'. खाली, संभाव्य कारण: टाइप करताना चूक. कॉपी ब्योमे, कॉपी लांगे (माझा ग्रुपलायटर, गटप्रमुख, त्यानेच मला तिथे पाठवलं).

कँटीनमध्ये समीरला सांगितलं. पुण्याचा, शेजारच्या लाइनवर असतो. चमचा तसाच धरून बसला.

"तू मुख्याध्यापिकेला डेव्हिएशन रिपोर्ट पाठवलास?"

"हो."

"कॉपीत बॉस?"

"नियम तसाच आहे."

"अगं बाई, ती शाळा आहे, भट्टी नाही! नशीब, संडास सील करून वर लाल स्टिकर नाही लावलास."

मला अजूनही कळत नाही, त्या ई-मेलमध्ये चूक काय होतं. आकडे बरोबर होते. भाषा सभ्य होती.


२० नोव्हें., सोम

लांगेने बोलावलं. हसून. "फ्राउ शिंत्रे, तुमचं अर्थातच बरोबर आहे. पण निरीक्षक म्हणजे निरीक्षण." मु.नी त्याला फोन केला होता. शाळेचा प्रकल्प कंपनीच्या वार्षिक पुस्तिकेत जायचाय, फोटोसकट. मग म्हणाला, मार्चमध्ये तुमच्या काँट्रॅक्टचं बघायचं आहे, ना?

दोन वाक्यांमध्ये 'म्हणून' नव्हतं. गरजही नव्हती.


२३ नोव्हें., गुरु

मु.नी खोलीत बसवून कॉफी दिली. बावन्न-त्रेपन्नच्या असतील. वाटलं होतं त्याहून थकलेल्या.

"मी पस्तिशीची होईपर्यंत, बर्लिनची भिंत पडेपर्यंत, आमच्याकडे प्रत्येक ठराव शंभर टक्क्यांनी पास व्हायचा, फ्राउ शिंत्रे. मतदान म्हणजे काय ते मला शिकवू नका."

मी कप खाली ठेवला.

"इमारत महापालिकेच्या खात्याची. कड्यांसाठी चार पत्रं लिहिली मी. चार. मुलांनी कड्या ठरवल्या असं मी लिहिलं आणि कड्या लागल्या नाहीत, तर मुलं काय शिकतील? मत देऊन काही होत नाही, हेच ना? मोझाइक तरी होईल. डोळ्यांना दिसेल."

म्हणणं चूक आहे हे कळत होतं, नेमकी चूक कुठे ते दाखवता येईना. कॉफी संपवून उठले. अजून चिडचिड होतेय. तिच्यावर की स्वतःवर, माहीत नाही. एक सुचलं, पण ट्रॅमच्या थांब्यावर पोचल्यावर: कड्या लागणार नाहीत, तर तसंच लिहा ना. पाचवं पत्र मुलांना लिहू द्या.

थांब्यावर यूले उभी होती. माझीच वाट बघत असावी.

"तुमच्या वहीत आकडे आहेत ना?"

"आहेत."

"दाखवा."

"मी निरीक्षक आहे."

"म्हणजे तुम्ही बघता आणि गप्प बसता."

ट्रॅमला चार मिनिटं होती. म्हटलं, पुढच्या सभेत पहिला विषय कोणता?

"आधीचा प्रोटोकोल मंजूर करणं. तो नेहमीच असतो. सगळे हात वर करतात."

"सगळ्यांनी करायलाच हवा?"

ट्रॅम आली. हे निरीक्षणात बसतं का? बसत नाही.


२६ नोव्हें., रवि

सांगलीला फोन. बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सोळा वर्षं. त्यांना सगळं सांगितलं. हसत सुटले.

"अगं, त्यात काय! मी तर इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून ठेवतो. 'सर्वानुमते मंजूर.' सभेला येतंय कोण? मग घरोघरी फिरून सह्या."

"बाबा, हे चूक आहे."

"इतिवृत्त म्हणजे काय घडलं ते नव्हे बाळ. काय घडायला हवं होतं, ते."

म्हणजे मु. आणि बाबा एकाच शाळेतले. मी इथे येताना काय समजून आले होते, कोण जाणे. इथे प्रत्येक गोष्टीचा कागद असतो म्हणून कागद खराच असणार, असं काहीतरी.

विचारलं, कधीच कुणी हरकत घेतली नाही?

"घेतली ना. तळमजल्यावरच्या वैद्यवहिनी. एका वर्षी म्हणाल्या, 'भाऊजी, मी सभेला नव्हते, तुम्हीही नव्हतात, मी सही करायची नाही.' मग काय, खरोखरीची सभा घ्यावी लागली. तीन तास! पाण्याच्या टाकीवरून नुसती भांडणं. तुझ्या आईला दोनदा चहा करावा लागला."

"आणि टाकी?"

"झाली की दुरुस्त." मग म्हणाले, "तुझी नोकरी सांभाळ हो. परक्या मुलखात शहाणपणा नको."

आईने फोन घेतला आणि विचारलं, लोकर पुरतेय का. म्हणजे स्वेटर.


३० नोव्हें., गुरु

लिहून ठेवते, जसं झालं तसं.

विषय १. ब्योमेंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, मागील प्रोटोकोल मंजूर? हात वर: ६. त्यांनी पुढचा विषय वाचायला सुरुवातही केली होती. यूले म्हणाली, "विरोधात किती, ते विचारायचं राहिलं." विरोधात: १३. तटस्थ: २. (म्हणजे कड्यांच्या चौदांतला एक गळला. कोण, ते कळलं नाही.)

मु. मागच्या बाकावर होत्या. उठल्या. "मुलांनो, तुम्ही आत्ता प्रोटोकोलवर मत देताय, संडासांवर नाही."

यूले: "हो, तेच तर."

कुणी हसलं नाही. सहावीतला एक मुलगा: "मग आता काय लिहायचं?" ब्योमेंनी नियमांची पुस्तिका उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. प्रोटोकोल नामंजूर झाला तर पुढे काय, ते तिच्यात नाही. त्या शाळेत असं कधी झालंच नसावं. चष्मा पुसला, पुन्हा चाळली. त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. घाबरलेले होते, पण शोधत होते.

मग यूले: "इथे एका माणसाकडे आकडे आहेत."

एकवीस डोकी वळली. मु.सुद्धा.

वही समोर होती. पान उघडायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. मी म्हणाले, "मला आधी विचारावं लागेल." कुणाला, ते म्हणाले नाही. मु. लगेच म्हणाल्या, वेळ संपली, सभा तहकूब, पुढच्या गुरुवारी दोन वाजता. मुलं बाकं सरकवत निघाली. सहावीतला तो मुलगा जाताना म्हणाला, "विचारावं लागेल?" टोमणा नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

कामावर आकडा वाचून दाखवायला मी कधी कुणाची परवानगी घेतली?


१ डिसें., शुक्र

यूलेने कालचा प्रोटोकोल हाताने लिहून मला पाठवलाय. शाळेच्या ऑफिसमधून, रीतसर, पाकिटातून. "विषय १: नामंजूर, ६/१३/२. सभा पाहुण्या फ्राउ शिंत्रे यांना विनंती करते की त्यांनी ७ तारखेला आपली मोजणी सांगावी." खाली तिची सही आणि, आश्चर्य, ब्योमेंची.

लांगेकडे बातमी पोचलेली. ७ तारखेला ग्राहक येणार आहेत, तुम्ही क्लीनरूममध्ये हव्यात. शाळेचा फॉर्म काय, न जाताही भरता येईल.

फॉर्म समोर आहे. प्रश्न ७: मुलांचा निर्णयातला सहभाग, १ ते ५. समीरला दाखवला.

"तीन लिही. तीनमुळे आजवर कुणाची नोकरी गेलेली नाही."

"तीन मी मोजलेला नाही."

"मग एक लिही आणि मार्चमध्ये सांगलीचं तिकीट काढ." मग जरा हळू, "ग्राहक आमच्या लाइनवर येतायत गं. तुझं तिथे काही काम नाही. लांगेलाही माहितीय."

हे मलाही माहीत होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं.


४ डिसें., सोम

प्रश्न ७ अजून रिकामा. तो फॉर्म कुठल्यातरी ऑफिसात जाईल, कुणी वाचेल न वाचेल. मुलं मात्र दोन वाजता बसणार आहेत.

रजा किती उरलीय ते बघितलं. साडेतीन दिवस. गुरुवारचा अर्धा दिवस मागितला, दुपारी एकपासून. इथल्या अर्जात कारण लिहायला जागाच नसते. कारण विचारत नाहीत. मी तरीही खाली मोकळ्या जागेत लिहिलं: शाळा, सभा, विषय १.

सकाळी लांगेच्या ट्रेमध्ये ठेवला. निघताना बघितलं, तिथेच होता. सगळ्यात वर. सहीशिवाय.