सूर्याच्या पोटातली वाट

दि. ४ फेब्रुवारी

चि. भावड्यास,

अ. उ. आ. (आशीर्वाद देताना हात आखडतोय, पण तू पडलास धाकटा.)

तुझी लाडकी टिटवी आठवडाभर मुकी झाली आहे. शाळेची सहल तुझ्या तारांगणात येणार म्हणून पोर काय नाचत होती! माझा मामा अंधारात सूर्य दाखवतो, असं वर्गभर मिरवून झालं होतं. परत आली ती तोंडाला कुलूप लावूनच. खोदून खोदून विचारलं तर म्हणे, काही नाही.

शेवटी तिच्या बाईंकडून कळलं. सूर्याच्या गाभ्यातला प्रकाश आठ मिनिटांत आपल्याकडे पोचतो, असं तू सांगितलंस. हिने उभं राहून विचारलं की आठ मिनिटं तर पृष्ठभागापासून लागतात, मग आतून वर यायला किती लागतात? त्यावर तू माईकवरून म्हणालास म्हणे, की प्रकाश काय तुमच्या शाळेची बस आहे, वाटेत थांबे घ्यायला! अख्खं सभागृह हसलं. आता वर्गात तिला ‘थांबा’ म्हणून चिडवतात. उत्तर येत असलं तरी ती हात वर करत नाही, असं बाई सांगत होत्या.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चूक कुणाची होती, एवढंच कळव.

तुझी,
ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

चूक माझी. शंभर टक्के माझी. तुझं पत्र वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरीचं बरोबर होतं. ऊर्जा तयार होते सूर्याच्या गाभ्यात, पण तिथे इतकी दाटी असते की प्रकाशाला सरळ जाताच येत नाही. जरासं पुढे गेला की कशावर तरी थडकतो, गिळला जातो, पुन्हा फेकला जातो, तोही कुठल्याही दिशेला. कधी कधी परत आतच. असं करत वर सरकायला हजारो, कदाचित लाखाच्या वर वर्षं जातात. शेवटच्या टप्प्यात मात्र उकळत्या पातेल्यासारखं चालतं. तापलेला वायू वर येतो, उष्णता सोडतो, निवून खाली जातो. मग कुठे पृष्ठभाग, आणि तिथून आठ मिनिटं.

हे सगळं मला ठाऊक होतं गं. निवेदनात त्यावर एक परिच्छेदच होता. खेळ लांबायचा, पुढच्या खेळाची माणसं दारात खोळंबायची, म्हणून मीच तो गाळला आणि वरचं-खालचं वाक्य जोडून टाकलं. रोज तेच म्हणून म्हणून माझाच त्यावर विश्वास बसला. अंधारातून प्रश्न आला तेव्हा उत्तर सुचेना, विनोद सुचला. आवाज तिचा आहे हेही मी ओळखलं होतं, ताई. घरचीच पोर, घेईल चालवून, असं वाटलं. याचीच जास्त लाज वाटते.

परिच्छेद कालच परत घातला. तिला तेवढं सांग. तिच्यासाठी सूर्याचं एक मोठं रंगीत चित्रही पाठवतो आहे.

लोभ मागायला तोंड राहिलं नाही, तरी मागतो.

तुझा,
भावड्या


दि. १५ फेब्रुवारी

चि. भावड्यास,

अ. उ. आ.

चित्र पोचलं. तिने गुंडाळी न सोडताच कपाटावर ठेवून दिलं.

परिच्छेद परत घातलास, बरं केलंस. पण तो ऐकणार कोण? नवी माणसं. हसली ती तिच्या वर्गातली पोरं. चारचौघांत माझ्या पोरीचं हसं करायचं आणि दुरुस्ती चोरपावलांनी, हा कुठला न्याय? मी काही तुझे निरोप पोचवणार नाही. ती रोज जिथे खाली मान घालून बसते, तिथे जाऊन तोंड उघड. लाज वाटते म्हणतोस ना? मग ती घेऊनच जा.

लोभ आहे, म्हणून तर एवढं लिहिलं.

ताई


दि. २ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि.

आईने लिहायला लावलेलं नाही. मीच लिहिते आहे.

तू वर्गात आलास तेव्हा मला बाकाखाली जावंसं वाटलं. तुझे कान लालबुंद झाले होते. माझा प्रश्न बरोबर होता, तुला उत्तर आलं नाही, म्हणून तू माझी थट्टा केलीस, असं तू सांगितलंस. फळ्याकडे बघून सांगितलंस, पण सांगितलंस. मग सगळ्यांना दाटीवाटीने उभं करून चेंडू दिलास आणि डोळे मिटून कुणाकडेही द्यायला लावलास. तास संपला तरी तो दारापर्यंत पोचला नाही. काय मज्जा आली! आता मला थांबा असं कुणी म्हणत नाही. म्हणजे एक-दोघं म्हणतात.

शेवटी तू विचारलंस, कुणाला काही शंका आहे का. तेव्हा तू माझ्याकडेच बघत होतास. मला शंका होती. पण हात वर झालाच नाही. राग नव्हता रे मामा, देवाशपथ. नुसता हातच होईना.

म्हणून इथे विचारते, पत्रात कुणी हसत नाही. जो प्रकाश आतून निघतो, तोच शेवटी बाहेर येतो का? की इतक्या वेळा गिळला गेल्यावर तो दुसराच कुणीतरी होतो?

उत्तर येत नसेल तर येत नाही असं लिही. मला चालेल.

लोभ असू दे.

तुझी,
टिटवी