दुपारच्या मुलांच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, बालविकास केंद्रातून निवृत्त झालेली श्रवण-तपासनीस, हे मृत्युपत्र माझ्या हातानं, माझ्या अकलेनं आणि दुपारचा चहा पोटात असताना पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. असतं तर बरं झालं असतं, दडपण आणायला का होईना, घरात कोणी असतं. केंद्रात एकतीस वर्षं मला सगळे 'खुळखुळेबाई' म्हणत. पुष्कळ आयांना ते माझं आडनावच वाटे.

पुढचं वाचून माझा भाचा कोर्टात सांगेल की मावशीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोकं ठिकाणावर आहे. तेच तर दुखणं आहे.

कलम १. माझं राहतं घर, तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण यांसह, माझ्या पश्चात एका शिवणकाम करणाऱ्या बाईला मिळावं. ती एकतीस वर्षांची आहे. बाजारामागच्या गल्लीत तिचं एका मशीनचं दुकान आहे आणि सगळे तिला शिवणवाली म्हणतात. ती जन्मापासून बहिरी आहे. तिला उत्तम ऐकू येतं असं मी दोनदा लेखी दिलं होतं. हे मृत्युपत्र मी एवढ्याचसाठी करते आहे, बाकीची कलमं नुसती भर आहे.

कलम २. हे कसं घडलं ते लिहिणं भाग आहे, नाहीतर लोकांना वाटायचं, म्हातारी दानशूर होती.

आमची पद्धत अशी. बाळ आईच्या मांडीवर. समोर एक मदतनीस बाई ठोकळा फिरवून त्याचं लक्ष धरून ठेवणार. मी बाळाच्या मागे, त्याला न दिसता, कानाच्या रेषेत हात लांब करून हळूच खुळखुळा वाजवणार. बाळानं आवाजाकडे मान वळवली की कार्डावर बरोबरची खूण. पण त्या खोलीत माझ्या पाठीशी पश्चिमेची खिडकी होती. तीन वाजले की ऊन थेट आत यायचं आणि माझ्या हाताची सावली समोरच्या टेबलावर पडायची. ऐकू न येणारं बाळ डोळ्यांनी जगतं, त्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. सावली उजवीकडे हलली की ते उजवीकडे वळे, डावीकडे हलली की डावीकडे. मी खूण करून मोकळी. सकाळी जवळपासची मुलं येत. लांबच्यांची बस बाराला लागायची, म्हणून त्यांना दुपारची वेळ.

शिवणवाली नऊ महिन्यांची असताना तिची आई तिला घेऊन आली. म्हणाली, "बाई, हिच्यामागे पातेलं पडलं तरी दचकत नाही हो." मी वाजवलं. पोर वळली. "वळली की नाही? मग?" "घरी नाही वळत." "मग घरी नीट हाक मारत जा." वर्षभरानं पुन्हा आली, पुन्हा दुपारीच. "अजून आई म्हणत नाही." पोर पुन्हा वळली. बाहेर ही रांग लागलेली, माझं डोकं फिरलं. कार्डावर लिहिलं, 'श्रवण उत्तम. आईची उगाच काळजी.' 'उगाच'खाली रेघ ओढली. ती रेघ ओढायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

ते कार्ड पोरीबरोबर सगळीकडे फिरलं. बोलत का नाही? कार्ड बघा, ऐकू तर येतं, म्हणजे हट्टी आहे. शाळेनं आधी मागच्या बाकावर बसवली, मग मंद म्हणून काढून टाकली. सहाव्या वर्षी दुसऱ्या शहरातल्या यंत्रानं सांगितलं की दोन्ही कान जन्मापासूनच बंद आहेत. भाषा रुजायची वर्षं तोवर निघून गेली होती. लिहिणं-वाचणं आणि समोरच्याचे ओठ वाचणं ती पुढे फार उशिरा, कष्टानं शिकली.

तिची आई माझ्याकडे परत आली. भांडली नाही. "तुम्हीच पुन्हा बघा," एवढंच म्हणाली. मी वाजवलं आणि ती सहा वर्षांची पोर वळली. खरं सांगते, मला आनंद झाला. यंत्र चुकलं, मी नाही! तेवढ्यात आई पिशवी ठेवायला उठली आणि खिडकीसमोर उभी राहिली. खोली अंधारली. मी वाजवलं. पुन्हा वाजवलं. जोरात वाजवलं. पोर हलली नाही. आई बाजूला झाली, ऊन आत आलं, मी नुसता हात उचलला, खुळखुळा वाजवला नाही, आणि पोर वळली. आम्ही दोघींनी एकदमच टेबलाकडे पाहिलं.

कलम ३. माझी हत्यारं : तीन खुळखुळे, एक पितळी घंटी, ठोकळ्यांची पेटी. ठोकळे कोणत्याही बालवाडीला द्यावेत. खुळखुळे कोणाही बाळाच्या हातात देऊ नयेत. मोडून टाकावेत.

कलम ४. भाचा दर महिन्याला "मावशी, तब्येत कशी आहे" विचारायला येतो आणि विचारताना छताकडे बघतो, कुठे ओल आली आहे का म्हणून. त्याला माझं लोखंडी कपाट मिळावं. किल्ली हरवली आहे. आत जुन्या साड्या आहेत, पण हे त्याला कपाट उघडल्यावरच कळू दे.

कलम ५. केंद्राचे मोठे डॉक्टर आता हयात नाहीत, पण हिशोब राहिला आहे. सावलीचं मी त्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "टेबल फिरवून घ्या. आणि जुनी मढी उकरू नका." दुसऱ्या दिवशी टेबल फिरलं आणि विषय संपला. दुपारच्या एकाही मुलाला परत बोलावलं नाही. मीही निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पुढची नऊ वर्षं, मूग गिळून बसले. कुलूप त्यांनी लावलं खरं, पण किल्ली माझ्याच कनवटीला होती. केंद्रात त्यांच्या फोटोखाली 'मुलांचे कैवारी' अशी पाटी आहे. फोटो राहू द्यावा, पाटी काढावी. हा माझा हक्क नाही, इच्छा आहे.

कलम ६. निवृत्त होताना मी रजिस्टरातून दुपारच्या मुलांची नावं एका वहीत उतरवून आणली. दोनशे बारा. सोळा वर्षं मी दारोदार फिरले. एकशे त्र्याण्णव सापडली. शिवणवालीशिवाय आणखी चौघांना ऐकू येत नव्हतं. एकीच्या आईनं माझ्यावर कुत्रं सोडलं, योग्यच केलं. एकोणीस मुलं अजून सापडायची आहेत. ती आता मुलं नाहीत, पण माझ्या डोक्यात ती नऊ महिन्यांचीच आहेत. बँकेतली माझी सगळी शिल्लक आणि ही वही केंद्रातल्या घरभेटीच्या ताईंना मिळावी. मला चालवेना, त्यांनी शोधावं. पत्ते जुने आहेत, बसथांब्यावर विचारलं की माणसं सांगतात.

कलम ७. याच घराच्या पश्चिमेच्या खोलीबद्दल. इथली खिडकी मी विटांनी बुजवून घेतली. गवंडी म्हणाला, "अहो बाई, वारा कुठून येणार?" म्हटलं, नको मला वारा. तरीही तीन वाजले की समोरच्या भिंतीवर हात येतो. लांब केलेला, मनगटापाशी थोडा वाकलेला, माझाच. त्याच्या खाली एक लहानसं डोकं, आणि ते हाताकडे वळतं. रोज वळतं. मी डोळे मिटून बसते, उघडते, तेव्हाही ते वळलेलंच असतं, कौतुकाची वाट बघत. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू. मोतीबिंदूला मान असते का हो? मला त्याची भीती वाटते आणि एखाद्या दिवशी ते आलं नाही तर, याचीही वाटते. घर ज्याला मिळेल त्याला हे सांगणं माझं कर्तव्य आहे.

कलम ८. हे कलम मी चार दिवसांनी लिहीत आहे.

मधल्या काळात माझ्या वकीलबाईंनी मसुदा दाखवायला शिवणवालीला माझ्या घरी बोलावलं. पूर्ण वाचून होईपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग पिशवीतून तिचं जुनं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. ते कार्ड पाहिल्यावर, वर न लिहिलेली एक गोष्ट आता लिहिणं भाग आहे. निवृत्त झाल्यावर पहिलं दार मी या मायलेकींचंच ठोठावलं होतं. तिच्या आईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "माफीबिफी राहू द्या. ती ओळ तेवढी खोडून सही करा. मी वेडी नव्हते, एवढं पोरीला कागदावर दिसू दे." मी म्हणाले, "बघते, केंद्रात विचारावं लागेल." विचारलं नाही. पेन्शन अडकेल अशी धास्ती होती. ती माउली चार वर्षांपूर्वी गेली, ओळ तशीच राहिली.

आता मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'आईचं म्हणणं खरं होतं. तपासणी माझी चुकली.' सही केली. कार्ड तिनं परत पिशवीत ठेवलं.

मग तिनं कागदावर लिहिलं, "घर नको."

मी तिच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाले, "घे ग बाई. माझ्यासाठी घे."

तिनं लिहिलं, "तुमच्यासाठीच आहे ते. म्हणून नको."

मी हात जोडले. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, वकीलबाईंपुढे कागद सरकवला. "साक्षीदाराला यातून काही मिळू शकतं का?" वकीलबाई म्हणाल्या, नाही, नियमच आहे तसा. तिनं मान डोलावली आणि लिहिलं, "मग मी साक्षीदार."

सबब कलम १ मी रद्द करीत आहे. घर माझ्या पश्चात बालविकास केंद्राकडे जावं आणि लांबून येणाऱ्या मुलांच्या तपासणीसाठी वापरावं. पायऱ्या नाहीत, चाकाची खुर्ची सरळ आत येते. बुजवलेली खिडकी बुजवलेलीच राहू द्यावी. कान यंत्रानंच तपासावेत. शिवणवालीनं एक अट घातली आहे, ती मला मान्य आहे : प्रत्येक कार्डाची पहिली ओळ आईची, ती बोलेल त्याच शब्दांत, आणि तपासणी काहीही सांगो, ती ओळ कोणी खोडायची नाही. आई अजून काळजीत असेल तर मुलाला पुन्हा बोलवायचं, दुसऱ्या दिवशी, सकाळी.

हे माझं शेवटचं मृत्युपत्र. याआधी केलेलं कोणतंही नाही, करायला धीरच नव्हता.

ठिकाण : माझं राहतं घर, पश्चिमेची खोली.
दिनांक : ९ जानेवारी, शुक्रवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार क्र. १ : शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर. बाईंनी माझ्यादेखत सही केली. सही त्यांचीच.
(सही)

साक्षीदार क्र. २ : धंदा शिवणकाम. साक्षीदारांच्या छापील कागदावर 'मला वाचून दाखवले' असं आहे. ते मी खोडलं. मला कोणी वाचून दाखवलं नाही. मी वाचलं, तीन वेळा. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही करताना त्या काहीतरी बोलत होत्या. बहुतेक माफी मागत होत्या. त्यांची मान खाली होती, मला ओठ दिसले नाहीत. वर बघून परत बोला, असं मी त्यांना सांगितलं नाही.
(सही)