सुखाच्या चालीचा घोडा

प्रिय बाबा,

समोर बसून बोलले तर तुम्ही हसाल, "चहा ठेव ना पोरी" म्हणाल आणि विषय संपेल. म्हणून लिहिते आहे. मी घाबरले आहे, बाबा.

परवा आठवीच्या वर्गात 'ईझीगोइंग' हा शब्द आला. शांत, कशाचा त्रागा न करणारा माणूस, असा अर्थ सांगून मी मोठ्या तोऱ्यात तुमचंच उदाहरण दिलं. भाजीत मीठ पडायचं राहिलं तरी ताट चाटूनपुसून साफ करणारे माझे बाबा! पोरं खूश. मग सहज शब्दकोश उघडला, तर हा शब्द आधी माणसासाठी नव्हताच. घोड्यासाठी होता. ज्याच्या पाठीवर बसणाऱ्याला हिसके बसत नाहीत, असा घोडा. म्हणजे सुख सगळं वर बसलेल्याचं. घोड्याला काय होतं, ते कुणी विचारलंच नाही. पुढचा तास मला घेववेना.

यंदा कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली, बोंडअळीने सगळ्यांची झोप उडवली, आणि औषध फवारायला ज्याला त्याला तुम्हीच आठवता. वामनराव दारात येऊन "मारोतराव, आमचंबी तेवढं मारून द्या ना" म्हणाले, की निघालीच तुमची स्वारी. शेजारच्या गावातले दोघे फवारणीनंतर दवाखान्यात गेले, एकटाच परत आला. ते ऐकूनही तुम्ही फवारणीचा पंप पाठीला लावलातच.

काल आईने पाण्याचा गडवा पुढे केला आणि तुमचा हात त्याच्या बाजूला, हवेत गेला. दोनदा. "डोये चुरचुरून राह्यले, बाकी काई नाई." तुमच्या या 'काई नाई'वर आता माझा विश्वास नाही. दुसऱ्या कुणी घर डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही मात्र कुणाला त्रास नको म्हणून गुपचूप एक दिवस... नको, लिहवत नाही.

आज पुन्हा वामनरावांच्या वावरात जायला तुम्ही पंप घ्यायला याल. तो टांगायच्या खुंटीला हे पत्र अडकवलं आहे. पंप नाही. पहाटे मीच कुऱ्हाडीने फोडला. दारात मुख्तारभाईंची गाडी उभी आहे, यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं आहे. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. तरी दिसली नाहीत तर हाक मारा, मी दाराआडच आहे. आणि चिडा माझ्यावर, बाबा. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडा. पण ओरडत ओरडत का होईना, गाडीत बसा.

तुमचीच,
सुरभी