भिंतीवरचं घड्याळ आणि श्रुतिकाचा लॅपटॉप

१ जानेवारी
राइस मिलमध्ये रोज उशिरा पोचतो. काल दुलीचंद शेठ सगळ्यांदेखत बोलले. फार लाज वाटली. संकल्प: हॉलमधलं घड्याळ अर्धा तास पुढे. माझा साधा मोबाइलही त्याच्याशी जुळवला. घरात कुणाला सांगितलेलं नाही. चार दिवसांत मी स्वतःही विसरेन, म्हणजे उपाय लागू पडेल.

६ जानेवारी
मिलमध्ये सगळ्यांच्या आधी हजर. शिस्त अंगातच असावी लागते. मिलचं घड्याळ मात्र मागे आहे. शेठ कंजूष, सेल बदलत नाहीत.

१४ जानेवारी
तिळाचे लाडू. पोरीच्या लॅपटॉपचं घड्याळ अर्धा तास मागे! तिचा फोनही तेवढाच मागे. दोघं एकाच नेटवर पोसलेले, एकाच सुरात खोटं बोलतात. श्रुतिका म्हणाली, बाबा, भिंतीवरचंच पुढे पळून राह्यलं. राखीने तिचीच री ओढली, बायको असून. मी म्हटलं, हे घड्याळ आपल्या लग्नातलं आहे. विषय संपला.

१७ जानेवारी
लॅपटॉप दुरुस्तीला घेतला. वेळ पुढे केली की आपोआप पुन्हा मागे. रीस्टार्ट केला. अँटीव्हायरस चालवला. पंख्यातली धूळ फुंकली, ती डोळ्यात गेली. उद्या सोक्षमोक्ष.

२० जानेवारी, सकाळी
आज श्रुतिकाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. नागपूरची कंपनी, अकरा वाजता. किती दिवसांपासून पोर याच कॉलची वाट पाहत होती. ती आंघोळीला गेली तेवढ्यात सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक' सापडलं. बंद केलं. वेळ भिंतीशी जुळवली. मधेच वाजू नये म्हणून तिचा फोन तांदळाच्या डब्यात ठेवला. बाप असावा तर असा.

त्याच दिवशी, दुपारी
लॅपटॉपवरची वेळ पाहून ती ओल्या केसांनीच घाईघाईने बसली. अकरा वाजले, कोणी आलं नाही. सव्वाअकरा, तरी नाही. मी म्हटलं, अशी बेशिस्त कंपनी आपल्याला नको, आणि लॅपटॉप मिटला. श्रुतिका रडत आत गेली.
राखीने भात टाकायला डबा उघडला. फोनवर कंपनीचे चार मिस्ड कॉल. पहिला अकरा वाजून पाच मिनिटांचा. तेव्हा आमच्या भिंतीवर साडेअकरा उलटून गेले होते.
मला एक जानेवारी आठवली.

२१ जानेवारी
आज सांगणार होतो. तिचं डोकं दुखत होतं.

२३ जानेवारी
सांगणार होतो. पण राखी घरात होती. तिच्यासमोर नको.

२४ जानेवारी
राखी बाहेर गेली होती. पण तिच्या गैरहजेरीत सांगणं बरं दिसेना.

२५ जानेवारी
गुपचूप 'ऑटोमॅटिक' चालू करायला लॅपटॉप उघडला. आधीच चालू होतं. आपोआप झालं असावं. नेटचं असंच असतं.

२७ जानेवारी
कंपनीने पुन्हा बोलावलं, उद्या! श्रुतिका म्हणाली, बाबा, तुमी उद्या बैहरले गोदाआत्याले भेटून या, लय दिवस झाले. पोरीला माझ्या बहिणीची किती काळजी.

२८ जानेवारी, बैहर
आत्याने विचारलं, इंटरव्ह्यूच्या दिवशी पोरीले सोडून तू इथं काहून आला. म्हटलं, पोरीनेच पाठवलं. बोलता बोलता कळलं, का पाठवलं ते.
दुपारी राखीचा फोन. इंटरव्ह्यू छान झाला. कंपनीने दुसऱ्यांदा कसं बोलावलं, मी विचारलं. श्रुतिकाने त्यांना कळवलं होतं म्हणे, आमच्या इथं लाइट गेलती.
माझं नाव घेतलं नाही पोरीने. फार वाईट वाटलं. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो.

२९ जानेवारी
निदान एवढं तरी करावं म्हणून काल घरी आल्याबरोबर घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. मोबाइल डोळे झाकून त्याच्याशी जुळवला. श्रुतिकाने घड्याळ आधीच बरोबर लावून ठेवलं होतं, हे आज मिलच्या गेटवर कळलं.
दुलीचंद शेठनी सगळ्यांदेखत विचारलं, आज उशीर काहून? तोंडातून निघून गेलं, लाइट गेलती.
शेठ म्हणाले, घडी त सेलवर चालते ना जी.
खाली मान घालून कामाला लागलो.